दोन्ही कान दिसू द्या

आमच्या शेजारच्या दाराआड जे गृहस्थ राहतात त्यांना तोंडावर मी भावजी म्हणते आणि पाठीमागे 'हलूनका'. एकटी मीच नाही, सगळी गल्ली म्हणते. हे नाव शोधायला मला डोकं खाजवावं लागलं नाही. गेली तीस वर्षं दिवसातून चाळीस वेळा ते स्वतःच ते उच्चारत आलेत, आम्ही फक्त उचललं.

खालच्या चौकात त्यांचं फोटोचं दुकान आहे. दुकान केवढं, तर दोन गिऱ्हाइकं समोरासमोर आली की एकाने रस्त्यावर उतरायचं. मागे पांढरा पडदा, पुढे गोल स्टूल, दोन बाजूंना छत्र्या लावलेले दिवे, भिंतीवर आरसा आणि आरशाला सुतळीने बांधलेला कंगवा. बांधलेला का, तर आधीचे अकरा कंगवे लोकांनी भांग पाडता पाडता खिशात घातले. पासपोर्टचे, परवान्याचे, नोकरीच्या अर्जाचे एवढेच फोटो इथे निघतात. लग्नाबिग्नाच्या भानगडीत भावजी पडत नाहीत. माणूस स्टुलावर टेकला की यांची टेप सुरू: "हनुवटी जरा खाली. खांदे सरळ. दोन्ही कान दिसू द्या. दात नकोत. हलू नका." की झालं, आठ फोटोंचा कागद, कटरवर खट खट खट, पाकिटात घालून हातात. आमच्या गल्लीतला एकही माणूस कुठल्याही सरकारी कागदावर हसताना दिसत नाही, तो यांच्यामुळे. माझा फोटो तर असा निघालाय, की पासपोर्ट ऑफिसच्या खिडकीवरच्या बाईंनी तो बघून मला आधी खुर्ची दिली आणि मग विचारलं, "तब्येत बरी आहे ना?"

आठवडाभर ही थोबाडं बघून झाली की मंगळवारी दुकान बंद, आणि हलूनका डोंगरावर. पाऊस अगदीच कोसळला तर सोडून, बावीस वर्षांत एक मंगळवार चुकलेला नाही. पहिल्या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं. तिथे एक चहाची टपरी आहे, तिच्या मागून पायवाट निघते. आधी झाडीतून, मग ओढ्यावरची फळी ओलांडून, मग नुसत्या दगडधोंड्यांतून चार तास चढलं की एक खिंड लागते. खिंडीतून समोर डोंगराची लांबलचक धार दिसते. हे सगळं मी त्यांच्याकडून ऐकलेलं सांगतेय. मी स्वतः कुठवर पोचले ते पुढे येईलच, घाई नको.

तर ते फोटो. एकदा चहाला बोलावून त्यांनी मला ते दाखवले. पहिली पाच मिनिटं मी शेजारधर्म म्हणून वा वा केलं. मग एक फोटो आला. खाली दरी धुक्याने भरलेली, वरून डोंगराच्या दोन सोंडांच्या फटीतून ऊन आलेलं, आणि ते ऊन सगळा डोंगर सोडून एकाच वाळक्या झाडावर पडलेलं. मी गप्प बसले. मी गप्प बसणं म्हणजे काय, ते आमच्या ह्यांना विचारा. या माणसाला दिसतं, हे मला तेव्हा कळलं. दुकानात कानाखेरीज काही न बघणाऱ्या या माणसाला.

पण शे-दोनशे फोटो बघून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की एकाही फोटोत माणूस नाही. मेंढपाळ नाही, वाटसरू नाही, चिटपाखरू नाही. उद्या जगबुडी होऊन माणूसजात संपली, तर नंतरचं जग कसं दिसेल ते यांनी आजच काढून ठेवलंय. मी विचारलं तर म्हणाले, "माणसं हलतात. डोंगराला एकदा सांगितलं की ऐकतो."

यांचा हा नियम पाळायचं काम वहिनींचं. वहिनी म्हणजे यांची बायको, दर मंगळवारी बरोबर जाणारी. अंगाने किरकोळ, आवाज मऊ, आणि नेहमी काहीतरी राहून गेल्यासारखा चेहरा. खिंडीत पाच-सात जणांचं टोळकं डबे उघडून बसलेलं असलं, तर वहिनी पुढे जाऊन गोड आवाजात सांगायच्या, त्या पलीकडच्या खडकावरून आणखी छान दिसतं, जाऊन तर बघा. टोळकं तिकडे गेलं की वहिनी स्वतः एखाद्या दगडामागे बसून घ्यायच्या आणि भावजी फोटो काढायचे. झालं का, असं विचारायचीही सोय नव्हती. डोकं वर आलं असतं.

आता माझा गुन्हा सांगते. एकदा जिन्यात कोणीतरी मला विचारलं, की एवढ्याशा त्या बाई, इतकं चढतात कशा? मला राहवलं नाही. मी म्हटलं, "चढतात कुठे? नवऱ्याला वर सोडतात आणि खाली टपरीवर पाय पसरून विणत बसतात. संध्याकाळी नवरा आणि स्वेटर, दोन्ही घेऊन घरी." सगळे हसले. कोटी बरी झाली म्हणून मी ती आणखी दोन-तीन ठिकाणी वापरली. माझ्या कोट्यांना पाय असतात. ही चालत चालत नदीपलीकडे वहिनींच्या थोरल्या बहिणीच्या घरी पोचली, आणि वाटेत कुठेतरी तिच्यातला विनोद गळून पडला. थोरलीच्या कानावर गेली ती बातमी.

थोरलीबद्दल थोडं सांगायला हवं. वहिनी लहानपणी छातीने फार अशक्त होत्या. शाळेचा जिना चाळीस पायऱ्यांचा. रोज सकाळी थोरली दोन दप्तरं पुढे अडकवायची आणि बहिणीला दम लागला की पाठीवर घेऊन तो जिना चढायची. वहिनी बारा वर्षांच्या होईपर्यंत हे चाललं. आता थोरली साठीच्या पुढे आहे, आवाज दारूगोळ्यासारखा आहे, आणि वहिनी तिच्या लेखी अजून नऊच वर्षांच्या आहेत, गळ्याला मफलर गुंडाळलेल्या. वहिनींनी बादली उचलली तरी ती हातातून काढून घेते.

एका रविवारी थोरलीकडे सगळे जेवायला जमलो होतो. मीही होते, मी कुठे नसते. जेवणं झाल्यावर थोरली अगदी मायेने म्हणाली, "अगं, तू खाली विणत बसतेस ते चांगलंच आहे. वर जाते म्हणून कशाला सांगत बसतेस? मला काय वाईट वाटणार आहे?"

मला घामच फुटला. वहिनींचा चेहरा पडला, पण त्यांनी शांतपणे भावजींचा मोबाइल मागून घेतला आणि एकेक फोटो दाखवायला लागल्या. हा खिंडीतला. मी इथे आहे, या खडकामागे. हा ओढ्याजवळचा, इथे मी त्या झाडाच्या बुंध्याआड. कोणीतरी विचारलं, आणि या मैदानात? तिथे तर काहीच नाही. वहिनी म्हणाल्या, तिथे मी उताराच्या खाली आडवी पडले होते. मग मात्र घर हसून हसून फुटायची वेळ आली. वहिनीही हसल्या सगळ्यांबरोबर. नंतर मी पाणी प्यायला आत गेले, तर त्या धुऊन ठेवलेली भांडी पुन्हा धुवत उभ्या होत्या.

ही गोष्ट एरवी विरून गेली असती, पण वहिनींचा उजवा गुडघा वर्षभर कुरकुरत होता. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, पंधरा दिवसांनंतरचा शुक्रवार. वर असंही सांगितलं, की नंतर सपाटीवर हवं तेवढं चाला, पण डोंगर विसरा. म्हणजे उरले दोन मंगळवार.

आमच्या दोन घरांमधली भिंत अशी पातळ आहे, की तिकडे कोणी शिंकलं तर आमचे हे इकडून "जपा" म्हणतात. त्यामुळे पुढचं मी कान लावून ऐकलं, असा आरोप करायचं कारण नाही. वहिनी म्हणाल्या, "मला एक फोटो हवाय. खिंडीत. मागे धार दिसली पाहिजे, म्हणजे कुठला आहे ते ताईला विचारावं लागणार नाही."

मग भावजी म्हणाले, "माणूस आलं की फ्रेम बिघडते. तुला ठाऊक आहे."

"बावीस वर्षं तुमची फ्रेम बिघडू दिली नाही मी. आता एकदा बिघडू दे."

आवाज नेहमीसारखाच मऊ. पण त्यानंतर त्या घरातून चार दिवस फक्त ताटल्यांचे आवाज आले. पहिला मंगळवार धो धो पावसात गेला. बुधवारी संध्याकाळी भावजी जिन्यात भेटले. मला वाटलं नुसते मान हलवून जातील, तर थांबले आणि म्हणाले, "हिला कुठे उभी करावी याचा विचार करतोय. डावीकडे उभी केली तर धार झाकत नाही." आठ दिवस हा माणूस उपाशी असल्यासारखा दिसत होता, आणि विचार चालला होता तो हा.

मलाही माझं मन खात होतंच. मी म्हटलं, मीही येते, साक्षीदार म्हणून. थोरलीने फोटो मानला नाही तर मी शपथेवर सांगेन. आमचे हे म्हणाले, तुझ्या शपथेवर कोण विश्वास ठेवणार? तरी मी नवे बूट घेतले आणि दुसऱ्या मंगळवारी पहिल्या बसमध्ये त्यांच्याबरोबर बसले.

माझ्या गिर्यारोहणाचा इतिहास थोडक्यात असा. टपरीमागून निघाले. पहिल्या वळणावर बोलायची थांबले. दुसऱ्या वळणावर मला माझं हृदय कानात ऐकू यायला लागलं. तिसरं वळण कसं दिसतं ते मला माहीत नाही. वहिनी, दुखऱ्या गुडघ्याला पट्टा बांधलेल्या वहिनी, काठी टेकत मागे आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तू खाली बस हं. आम्ही येतो." तो मऊ आवाज मला चपराकीसारखा लागला. आणि मग मी, दुसरी कोणी नाही, चहाच्या टपरीवर पाय पसरून नऊ तास बसले.

टपरीवाला वयाने बराच मोठा, हात चहात आणि डोळे वाटेवर. मी त्याला सहज विचारलं, की या बाई दर मंगळवारी इथे विणत बसतात ना? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चहात मीठ मागितलं. म्हणाला, इथे बसतात कधी? पाण्याची बाटली भरून घेतात आणि नवऱ्याच्या पुढे निघतात. ओढ्यावरची फळी वाहून गेली होती त्या वर्षी खाली येऊन पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं, मग आम्ही नवी टाकली. वर ढग आहे की नाही ते मी त्यांनाच विचारतो, रेडिओला नाही. मी दुसरा चहा घेतला.

चार वाजून गेल्यावर दोघं उतरताना दिसली. भिजलेली, गारठलेली. वहिनी काठीवर पूर्ण भार टाकून चालत होत्या, पण चेहरा असा होता, जसा मी बारा वर्षांच्या शेजारात पाहिला नव्हता. बाकावर बसल्यावर दोघांनी मिळून, एकमेकांची वाक्यं तोडत, वरची हकीकत सांगितली. खिंडीत पोचली तेव्हा ढगाने सगळं गिळलेलं होतं. हाताची बोटं दिसेनात. वहिनी डावीकडच्या दगडाजवळ जाऊन उभ्या राहिल्या, त्या तशाच. भावजी कॅमेरा लावून उभे. दोन तास. मग एकाएकी वारा फिरला, ढग मधून फाटला आणि सबंध धार समोर आली, ऊन पडलेली, अगदी टोकापर्यंत. किती वेळ, तर तीन मिनिटं. भावजींनी तेवढ्यात आठ फोटो घेतले. मग ढग पुन्हा बंद झाला आणि भुरभुर सुरू झाली, म्हणून न बघताच कॅमेरा गुंडाळून पिशवीत टाकला.

"आणि ऐक," वहिनी हसत मला म्हणाल्या, "मला म्हणतात कसे, हनुवटी जरा खाली घ्या. दोन्ही कान दिसू द्या. द्या! पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मला अहोजाहो केलं यांनी."

मीही हसले. भावजी मात्र हसले नाहीत. त्यांनी हळूच पिशवीतून कॅमेरा काढला, कापड सोडलं आणि पडद्यावर पहिला फोटो आणला. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. पडद्यावर वहिनींचा चेहरा होता. सबंध चेहरा. डोक्यावर बोटभर जागा, खाली खांद्यांची सरळ रेघ, दोन्ही कान व्यवस्थित, दात नाहीत. मागे एक पांढरा ढग, दुकानातल्या पडद्यासारखा स्वच्छ. धार नाही. खिंड नाही. डोंगराचा एक खडासुद्धा नाही. दुसरा फोटो तसाच. आठवाही तसाच.

मला आधी काही उमगेना. मग उमगलं. ऊन पडलं, घाई झाली, समोर माणूस उभा होता, आणि यांचा डावा हात लेन्सवर आपोआप फिरला. तीस वर्षं फिरतो तसा, चेहरा जवळ येऊन मापात बसेपर्यंत. वहिनी धार न झाकणाऱ्या डाव्या टोकाला, तेव्हा त्यांच्या मागे उरला तो नुसता ढग. डोळ्यांसमोर सबंध धार उभी होती आणि या माणसाने कान बघितले.

"हात गेला," भावजी म्हणाले. एवढंच. आणि कॅमेरा मांडीवर उलटा ठेवून बसून राहिले.

वहिनींनी तो उचलून घेतला. आठही फोटो सावकाश बघितले. मला वाटलं, आता काही म्हणतील, आणि म्हणाव्यात असंही वाटलं. त्या म्हणाल्या, "दुकानातही निघाला असता हा." मग गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी टपरीमागच्या वाटेकडे पाहिलं, आणि बस आली तरी उठायला त्यांना जरा वेळ लागला. बसमध्ये तिघंही तीन खिडक्यांतून बाहेर बघत होतो. एकही विनोद सुचला नाही, हे मी इथे नोंदवून ठेवते.

शुक्रवारी ऑपरेशन झालं, चांगलं झालं. हॉस्पिटलच्या फॉर्मवर अलीकडचा फोटो हवा होता. भावजींनी दुकानाच्या पाकिटातून त्या आठांतलाच एक काढून चिकटवला. दुसरा कुठला आणणार? बायकोचा फोटो त्यांच्याकडे तेवढाच.

रविवारी थोरली भेटायला आली. पलंगाशेजारी मी होते, भावजी पायथ्याशी उभे. थोरलीने आल्या आल्या उशी बदलली, खिडकी लावली, पाणी कोमट आहे का बघितलं आणि औषधं तपासायला फाइल उघडली. तपासता तपासता थांबली. फाइल डोळ्यांजवळ नेली.

"हे केस ओले कशाने?"

"ढगाने," वहिनी म्हणाल्या. "ढगात शिरलं की होतात."

थोरली फाइल घेऊन खिडकीशी उजेडात गेली. आम्हाला पाठ करून फोटो न्याहाळत राहिली. तिला काय दिसत होतं ते मला तिथून दिसत नव्हतं, म्हणून मी उठून तिच्या मागे गेले. नाक लालभडक. पापण्यांवर पाण्याचे थेंब. एका बाजूची बट वाऱ्याने कपाळावर चिकटवलेली. हा चेहरा कुठल्याही दुकानातला नव्हता, आणि टपरीवर मी एवढी कॅमेऱ्यात डोकं खुपसून बसले होते, तरी मला ते दिसलं नव्हतं. मी डोंगर शोधत होते.

"टोपी कुठे होती?" थोरलीने विचारलं.

"पिशवीत."

"पिशवीत." थोरलीचा आवाज वाढला. "एवढ्या वाऱ्यात, एवढ्या उंचीवर, डोक्यावर काही नाही. गळा उघडा. आणि टोपी पिशवीत. अक्कल कुठे होती, तीही पिशवीत?" मग ती भावजींकडे वळली. "आणि तुम्ही! ही थंडीत उभी, आणि तुम्ही खुशाल फोटो काढत होतात?"

भावजी हनुवटी खाली, खांदे सरळ, अजिबात न हलता उभे राहिले.

थोरलीने पुन्हा फोटोकडे पाहिलं. या वेळी आवाज खाली आला होता, कोणाशी बोलतेय तेही कळेना. "ओठ निळे नाहीत," ती म्हणाली.

वहिनींनी नंतर मला सांगितलं. शाळेच्या जिन्यावर दर दहा पायऱ्यांनंतर थोरली खाली बसून त्यांचे ओठ बघायची. जरा निळसर दिसले, की न बोलता पाठ पुढे करायची.

"नसतात आता," वहिनी म्हणाल्या.

"कधीपासून?"

"झाली असतील वीस-बावीस वर्षं."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"सांगत होते की, ताई."

थोरली खुर्चीवर बसली. आता माझी पाळी, असं वाटून मी घसा साफ केला आणि सांगून टाकलं, की टपरीवर विणायची ती कोटी माझी होती. थोरलीने माझ्याकडे बघितलंही नाही. "ते मला माहीत होतं," म्हणाली. "तुमच्याशिवाय कोणाची असणार? मला वाटलं, निदान अर्धी तरी खरी असेल."

मग तिने फाइलवरच्या फोटोचा एक कोपरा नखाने उचकटून पाहिला. भावजी घाईघाईने म्हणाले, तो फॉर्मचा आहे, राहू द्या, माझ्याकडे अजून सात आहेत, आणि हवा तर मोठा करून देतो, चौकटीत घालून. थोरली म्हणाली, मोठा कशाला, पर्समध्ये मावत नाही. त्यांनी पाकीट पुढे केलं. तिने सातही फोटो पांघरुणावर ओळीने मांडले. मला सातही सारखेच दिसत होते. तिने त्यातला एक निवडला, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला, चेन लावली, आणि पुन्हा टोपीवर आली.